माल गेला, बिल गेलं, पैसे कधी? खेळत्या भांडवलाबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमधे बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, धंदा चालू आहे, ऑर्डरी आहेत, पण हातात रोख नाही, तर चार-सहा महिन्यांसाठी पैसे कुठून उचलू. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. नावं कोणाचीच छापत नाही, गाव आणि धंदा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे, सात माणसं, वर्षाची उलाढाल ८५ लाखाच्या आसपास. जवळजवळ सगळं काम एकाच मोठ्या कंपनीचं. बोलताना ६० दिवस म्हणतात, पेमेंट येतं १००-११० दिवसांनी. पगार आणि वीजबिलासाठी मागच्या वर्षी एका अ‍ॅपवरून ६ लाखाचं लोन घेतलं, त्याचा रोजचा हप्ता खात्यातून कापला जातो. आता तो भरायला दुसरं लोन घेऊ का?

नका घेऊ. आधी कागद-पेन घेऊन बसा आणि तुमचा पैसा नक्की कुठे अडकलाय ते बघा. ८५ लाख उलाढाल आणि १०५ दिवसांनी पेमेंट, म्हणजे कुठल्याही दिवशी तुमचे साधारण २४ लाख रुपये त्या कंपनीकडे पडून असतात. हेच पेमेंट ४५ दिवसांत आलं तर १० लाखाच्या आसपासच बाहेर राहतील आणि १४ लाख तुमच्या हातात येतील. तुम्ही लोन घेतलं ६ लाखाचं, आणि त्याच्या दुपटीहून जास्त तुमचेच पैसे दुसऱ्याच्या खात्यात बिनव्याजी बसलेत. मला ह्या गोष्टीचं खरंच वाईट वाटतं कारण असे कारखानदार मी खूप पाहिलेत, दिवसरात्र मशीन चालवतात आणि स्वतःच्याच पैशावर दुसऱ्याला व्याज भरतात.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा) सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर त्यातल्या तारखेला पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ६० किंवा ९० दिवस छापलेलं असलं तरी ४५ च्या पुढे ते टिकत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असंच धरतात, त्यामुळे तीन महिन्यांनी "क्वालिटीचा इश्यू होता" म्हणून बिल अडवणं चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज लागतं आणि ते व्याज खर्च म्हणून त्यांना इन्कम टॅक्समधे दाखवता येत नाही. शिवाय इन्कम टॅक्समधली ४३बी(एच) म्हणून जी तरतूद ओळखली जाते ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, म्हणजे तुमचं बिल मुदतीत दिलं नाही आणि वर्षअखेर बाकी राहिलं तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरायचा. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधे त्यांच्या अकाउंट्स खात्याला लेखी आठवण करणं सगळ्यात फायद्याचं, तेव्हा त्यांनाही घाई असते.

ह्या सगळ्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी हवी, ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी माल देण्याच्या आधीची असलेली बरी, नंतर केलेल्या नोंदणीवरून वाद होतात. आणि उद्यम नंबर प्रत्येक बिलावर छापा.

तुम्ही लगेच म्हणाल की ताई, कायदा दाखवला तर पार्टी तुटेल. ही भीती खरी आहे, एकाच गिऱ्हाइकावर शॉप चालत असेल तर मी पण तुम्हाला उद्या सकाळी उशिराच्या पेमेंटच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका असं म्हणणार नाही. तिथे टाकलेली तक्रार राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जाते, आधी समेट आणि नाही जमलं तर लवाद, आणि परिषदेने तुमच्या बाजूने निकाल दिला तर त्याला आव्हान द्यायच्या आधी कंपनीला ७५ टक्के रक्कम भरावी लागते, इतकं ते दमदार हत्यार आहे, पण वेळ लागतो आणि संबंध बिघडतात. ते शेवटचं ठेवा.

त्याआधी ट्रेड्सबद्दल विचारा. हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारा बिल डिस्काउंटिंगचा प्लॅटफॉर्म आहे, आरएक्सआयएल, एमवन एक्सचेंज, इनव्हॉइसमार्ट ही त्यातली नावं. तुम्ही बिल टाकता, कंपनी "हो, हे देणं आहे" असं मान्य करते, मग बँका आणि फायनान्स कंपन्या त्यावर बोली लावतात, सगळ्यात कमी दर तुम्ही निवडता आणि एक-दोन दिवसांत पैसे खात्यात. दर ठरतो तो कंपनीची पत बघून, तुमची नाही, त्यामुळे तुमच्या अ‍ॅपवाल्या लोनच्या मानाने तो खूपच खाली असतो. आणि पुढे कंपनीने पैसे दिले नाहीत तर बँक तुमच्या मागे येत नाही, हा मोठा फरक आहे. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं सक्तीचं आहे, मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. मात्र नोंदणी केली म्हणून तुमचं बिल मान्य करायलाच हवं असं बंधन त्यांच्यावर नाही, तिथे तुम्हाला त्यांच्या पर्चेस किंवा फायनान्सच्या माणसाशी बोलावं लागेल. बोलताना "माझे पैसे द्या" न म्हणता "तुम्ही तुमच्या तारखेलाच द्या, मला आधी मिळतील" असं म्हणा, कारण खरंच त्यांना वेगळं काही करायचं नसतं.

तिसरी गोष्ट, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे मंजूर रकमेच्या आत हवे तेव्हा उचला आणि हवे तेव्हा भरा अशी सोय. नायक समितीचं जुनं सूत्र अजून वापरात आहे, पुढच्या वर्षाची अपेक्षित उलाढाल १ कोटी धरली तर २५ टक्के म्हणजे २५ लाख खेळतं भांडवल लागेल, त्यातले ५ लाख तुमचे आणि २० लाख बँकेने द्यावेत असं. सीसीत व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांवर लागतं, म्हणून सात तारखेला उचला, पेमेंट आलं की भरा, हे तिला शोभतं. पण मंजूर लिमिट आणि हातात येणारी रक्कम वेगळी. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम निघते. समजा स्टॉक ६ लाख, येणी १४ लाख, देणी ४ लाख, तर उरले १६, त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा गेला की डीपी १२ लाख, मंजूर २० असले तरी तुम्ही १२ च उचलणार. आणि बहुतेक बँका येणी धरताना ९० दिवसांपेक्षा जुनी बिलं सोडून देतात. म्हणजे ११० दिवसांनी पैसे देणारं गिऱ्हाईक तुमचं पेमेंटही अडवतं आणि तुमची लिमिटही कापतं. पार्टीशी बोलणं किती गरजेचं आहे ते ह्यावरून कळेल.

राहिलं अ‍ॅपचं लोन. त्यांच्याकडून आज बंद करायचं तर किती भरावं लागेल ह्याचं फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा, ते घेऊन तुमच्या बँकेत जा आणि मॅनेजरला सगळं उघडपणे सांगा, लपवू नका, सिबिलमधे दिसतंच. हे लोन फेडायला दोन-तीन वर्षांचं मासिक हप्त्याचं वेगळं लोन मागा आणि रोजच्या धंद्यासाठी सीसी वेगळी. सीसीतून जुनं लोन फेडू नका, लिमिट पहिल्याच दिवशी गच्च भरते आणि मग ती कधीच खाली येत नाही.

प्रश्न : आमचं पेणजवळ गणपतीच्या मूर्तींचं काम आहे. मुद्रातून ४ लाखाचं लोन मिळालं पण दर महिन्याला हप्ता. माती, रंग, कारागिरांची मजुरी हे सगळं हिवाळ्यापासून चालू होतं आणि मोठे पैसे श्रावण-भाद्रपदात येतात. उन्हाळ्यात हप्ते थकतात, बँकेतून फोन येतात, लाज वाटते.

लाज अजिबात वाटून घेऊ नका ताई, चूक तुमच्या कष्टात नाही, लोनच्या प्रकारात आहे. तुमचा पैसा वर्षातून एकदा फिरतो आणि हप्ता बारा वेळा लावलाय, तो थकणारच. टर्म लोन मशीन, शेड, साचे ह्यांच्यासाठी. माती-रंग-मजुरीसाठी सीसी किंवा ओव्हरड्राफ्ट लागतो आणि मुद्रामधे तोही मिळतो, त्यावर मुद्रा कार्डही देतात.

बँकेत जाताना एक साधा तक्ता न्या. वर्षाचे बारा महिने लिहा, प्रत्येक महिन्यात किती खर्च आणि किती जमा, मागच्या दोन सीझनचे खरे आकडे. हंगामी धंद्याला बँक वर्षात दोन वेगळ्या लिमिट ठरवून देऊ शकते, सीझनच्या आधी मोठी, गणपतीनंतर छोटी. तुमच्या मॅनेजरला हे नवीन वाटलं तर वरच्या ऑफिसला विचारायला सांगा, साखर कारखान्यापासून काजू प्रक्रियेपर्यंत हंगामी धंद्यांना बँका असंच बघतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, हिच्यामुळे चांगली खाती बिघडतात. सीसी खात्यात थकबाकी लिमिटच्या आत असली तरी सलग ९० दिवस काहीच जमा झालं नाही, किंवा जे जमा झालं ते त्या काळात लागलेल्या व्याजाइतकंही नाही, तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज होतं. म्हणजे उन्हाळ्यात मुद्दल नका भरू पण दर महिन्याचं व्याज मात्र भराच. २ लाख वापरात असतील आणि दर ११ टक्के धरला तर महिन्याचं व्याज १८००-१९०० रुपये होतं, पूर्ण हप्त्याच्या मानाने ते झेपण्यासारखं आहे. व्यापाऱ्यांचे बुकिंगचे अ‍ॅडव्हान्स, किरकोळ विक्रीचं यूपीआय, सगळं ह्याच खात्यात येऊ दे, घरच्या बचत खात्यात नको, ते पैसे बँकेला धंद्याचे म्हणून दिसतच नाहीत. आणि अ‍ॅडव्हान्स मागायला संकोच करू नका. ठरावीक डिझाइन, ठरावीक संख्या सांगणाऱ्या व्यापाऱ्याने बुकिंगला चांगली रक्कम द्यायलाच हवी, ते बिनव्याजी खेळतं भांडवल आहे, कुठल्याच योजनेपेक्षा स्वस्त.

सध्याचे थकलेले हप्ते ९० दिवसांच्या पुढे जायच्या आत बँकेत अर्ज द्या की हप्ते हंगामानुसार बदलून द्या. फोनवर नको, लेखी, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

प्रश्न : ठाण्यात मेस आणि टिफिन सर्व्हिस आहे. एक फायनान्स कंपनी ५ लाख देतेय, एक वर्ष, "महिना फक्त दीड टक्का", तारण नाही, दोन दिवसांत पैसे. बँक १२ टक्के म्हणते पण महिना लावेल. १८ आणि १२ मधे फरक फार नाही ना?

फरक खूप आहे, कारण ते १८ हे १८ नाहीतच. दीड टक्का फ्लॅट म्हणजे वर्षभर पूर्ण ५ लाखावर व्याज, ९० हजार. हप्ता ४९,१६७ रुपये. पण तुम्ही तर पहिल्या महिन्यापासून मुद्दल परत करताय, सहाव्या महिन्यात तुमच्याकडे निम्मेच पैसे उरलेत आणि व्याज अजून ५ लाखावरच चाललंय. घटत्या शिल्लकेवर हिशोब केला तर खरा दर जवळपास ३२ टक्के पडतो. वर ३ टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी कापला तर हातात येतात ४,८२,३००, आणि दर जातो ३९ च्या आसपास. बँकेचे १२ हे सहसा घटत्या शिल्लकेवरचे असतात, तिचीही प्रोसेसिंग फी विचारून घ्या.

१ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जाला सुद्धा की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे, त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, सगळ्या फी धरून वर्षाचा खरा दर. सही करायच्या आधी तोच मागा. तो कागद द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मला ह्यात दुसरं मत नाही.

घाईची गरज असेल तर घरात एफडी आहे का बघा, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्तीने एका दिवसात मिळतो. सोनेतारण पण मेसच्या तीन-चार महिन्यांच्या गरजेला चालतं, फक्त सोडवायची तारीख आधी ठरवून मगच ठेवा. आणि टिफिनचे पैसे महिना संपल्यावर घेता की आधी? आधी घ्यायला लागा, नवीन गिऱ्हाइकांपासून सुरुवात करा.

प्रश्न : सांगलीत हळदीचा घाऊक व्यापार आहे, उद्यम नोंदणी पण केलीय. ४५ दिवसांच्या नियमाने मी बाहेरच्या पार्ट्यांकडून व्याज मागू शकतो का?

नाही. जुलै २०२१ मधे व्यापाऱ्यांना उद्यममधे घेतलं पण ते फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरतं. उशिराच्या पेमेंटचं संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना आहे. तुमच्यासारख्यांनी उधारीच्या अटी स्वतःच्या बिलावर आणि सौदापट्टीवर स्पष्ट लिहायच्या.

तुमचा पैसा मालातही अडकत असणार, त्याला चांगली सोय आहे. डब्ल्यूडीआरए ह्या सरकारी गोदाम प्राधिकरणाच्या नोंदणीच्या गोदामात हळद ठेवली की इलेक्ट्रॉनिक पावती मिळते आणि तिच्यावर बँक लोन देते. भाव पडला तर बँक जास्तीचं मार्जिन मागते, म्हणून मिळेल तेवढं सगळं उचलू नका.

प्रश्न : ८ लाखाच्या सीसीसाठी बँक आईच्या नावावरचं घर गहाण मागतेय. द्यावं का? (नाशिक, पॅकेजिंगचं काम)

नका देऊ. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या १० लाखापर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कधीच सांगून ठेवलंय, १ एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा २० लाख झाली. त्याच्या वरच्या रकमेलाही सीजीटीएमएसई ह्या छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची हमी आहे, १ एप्रिल २०२५ पासून ती १० कोटीपर्यंतच्या कर्जाला मिळते. हमीची वार्षिक फी बँक तुमच्याकडून घेईल, छोट्या रकमेला ती अगदी थोडी असते आणि आईचं छप्पर धोक्यात घालण्यापेक्षा ती कधीही परवडते. स्टॉक आणि येणी तारण म्हणून बँकेकडे राहतातच, त्याला नाही म्हणू नका.

शाखेत अर्ज लेखी द्या, "तारणाशिवाय, सीजीटीएमएसई हमीखाली" हे शब्द अर्जातच टाका. नाकारलं तर कारण लेखी मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही.

प्रश्न : नागपूरला चहाची गाडी आहे. माझ्यासारख्याला कोण देणार?

पीएम स्वनिधी, फेरीवाल्यांसाठीची केंद्राची योजना. आता पहिलं लोन १५ हजार, वेळेत फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. तारण नाही. महापालिकेचं विक्रेता प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागेल, तिथून सुरुवात करा. पहिले १५ हजार छोटे वाटले तरी घ्या आणि वेळेवर फेडा, पुढच्या दोन पायऱ्या त्यावरच अवलंबून आहेत.

प्रश्न : इचलकरंजीत आठ लूम आहेत. मंदीत एकाकडून शेकडा पाचने ३ लाख घेतले, कोऱ्या चेकवर सह्या दिल्यात. दोन वर्षं व्याजच भरतोय. बँकेत जायची हिंमत होत नाही.

महिन्याला शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. दोन वर्षांत ३ लाखावर ३ लाख ६० हजार फक्त व्याज गेलं, मुद्दल तसंच उभं आहे. भाऊ, हे थांबवायलाच हवं, आणि थांबवता येतं.

महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे आणि परवानाधारकाला पण सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. ह्या माणसाचा परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था ह्यांच्या ऑफिसात कळेल. तक्रार तिथेच किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे. जायच्या आधी आजवर दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार यादी करा, ऑनलाइन दिलेले असतील त्याचं स्टेटमेंट काढा, रोख दिले असतील तर कोणासमोर ते लिहा, मोबाइलवरचे मेसेज पुसू नका. दिलेल्या चेकचे नंबर चेकबुकवरून काढून तक्रारीत लिहा. चेक वटवले जातील ही भीती असणार, म्हणून एखाद्या वकिलाला आधी भेटा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील मोफत मिळतो.

आणि बँकेत जाच. सूत देणाऱ्याची बिलं, कापडाची बिलं, जीएसटी असेल तर रिटर्न, वीजबिल, एवढ्यावर मुद्राचा अर्ज होतो. मुद्राच्या किशोर गटात ५ लाखापर्यंत आणि तरुण गटात १० लाखापर्यंत मिळतं. लूम चालू आहेत ह्याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे तुमचं वीजबिल, गेल्या बारा महिन्यांची बिलं एका फाइलला लावून घेऊन जा.